मुलांना दाखवू नये

परवा आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक निरोप आला. सुट्टीत लागलेल्या एका लहान मुलांच्या चित्रपटाबद्दल होता. त्यात जादू आहे, शिंगं असलेलं माणसासारखं काहीतरी आहे, तेव्हा ख्रिस्ती पालकांनी सावध राहावं आणि हा निरोप आणखी दहा जणांना पाठवावा. खाली जोडलेल्या हातांची रांग. लिहिणाऱ्याने चित्रपट पाहिला होता की नाही याचा पत्ता नव्हता. माझी लेक स्नेहल स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, तारानं बघावा का गं हा पिक्चर? तू मास्तरांची मुलगी, निकाल तूच दे." ती चेष्टेने म्हणाली होती. तारा म्हणजे तिची मुलगी, माझी नऊ वर्षांची नात, ती कान टवकारून बसलीच होती. मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. दोरीवरचे कपडे काढायचं निमित्त करून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले. धायरीच्या आमच्या पाचव्या मजल्यावरून समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या बाल्कनीतले कपडे दिसतात, तेवढंच.

मास्तरांची मुलगी म्हणजे काय, हे आता मंडळीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनाच आठवत असेल. मास्तर म्हणजे माझे पप्पा. पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मोकळी. आम्ही सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो आणि खाली टायपिंगचा क्लास होता. त्या इमारतीत आम्ही एकटेच ख्रिस्ती होतो. कुणी त्रास दिला असं मी म्हणणार नाही. पुण्यात त्रास देत नाहीत, चौकशी करतात. शेजारच्या लेलेकाकू दर चतुर्थीला दारात उभ्या राहून म्हणायच्या, "तुमच्यात उपास नाहीत हे एक बरंय हो मास्तर, साबुदाणा भिजत घालायची आठवण ठेवायला नको." पप्पा हसून मान डोलवायचे. रविवारी उपासनेहून आल्यावर मटण शिजायचं तेव्हा आई गॅलरीकडची खिडकी लावून घ्यायची, आणि लेलेकाकू त्याच वेळी त्यांच्याकडची उदबत्ती लावायच्या. दोघी एकमेकींना सांभाळून घेत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

आई गेली तेव्हा मी पाचवीत होते. आजारपण, दवाखाना, ते सगळं मी इथे लिहीत नाही. आई गेल्यावर घरात पहिला फरक पडला तो आवाजाचा. ती काम करताना सारखी गुणगुणायची. बहुधा चर्चमधली गीतं, आणि तीही अर्धीच, कारण कडवं संपायच्या आत फोडणी जळायला लागायची. ती होती तोवर खालचा टायपिंगचा क्लास मला कधी ऐकूच आला नव्हता. आता दिवसभर तोच ऐकू यायचा. पन्नास बोटं एकदम चालायची आणि ओळ संपली की टिंग अशी घंटी वाजायची. मी गृहपाठ करताना त्या घंट्या मोजायचे.

पप्पांना खिचडी, पिठलं आणि आमटी येत होती. रविवारचं मटण त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं, मग सोडून दिलं. शनिवारी ते मंडईत जायचे. पिशवीच्या तळाशी आईच्या हातची शेवटची यादी होती, तीच घेऊन जायचे आणि तीच सगळी भाजी आणायचे. मेथीच्या दोन जुड्या, दोडका, गवार, एक नारळ. दोन माणसांना मेथीच्या दोन जुड्या कशाला लागतात? मेथी पिवळी पडायची, मग एक जुडी लेलेकाकूंकडे जायची. एकदा मी म्हटलं, "पप्पा, दोडका मला आवडत नाही, तुम्हालाही आवडत नाही." ते म्हणाले, "यादीत आहे ना." आमच्या घरात आईबद्दलचं बोलणं एवढंच उरलं होतं. तिचं नाव निघायचं नाही. मी काढलं तर पप्पा चष्मा पुसायला घ्यायचे, म्हणून मी काढायचं बंद केलं. तिच्याबद्दल कुणाशी तरी बोलावं, ती कशी हसायची हे कुणीतरी पुन्हा सांगावं, यासाठी माझा जीव नुसता तळमळायचा. पण बोलणार कुणाशी? माझे केस विंचरायला रोज सकाळी लेलेकाकू यायच्या, त्यांच्याशी बोलावं म्हटलं तर त्या कंगवा असा ओढायच्या की डोळ्यांत त्यानेच पाणी यायचं.

आता पप्पांच्या निकालाबद्दल. आमची मंडळी दर महिन्याला सायक्लोस्टाइलवर चार पानी पत्रक काढायची. त्यात उपासनेच्या वेळा, कोण आजारी, कुणाकडे बारसं, आणि शेवटच्या पानावर पप्पांचं 'पालकांसाठी' हे सदर. त्या काळी आमच्यातल्या बऱ्याच घरांत सिनेमाला जाणं बरं समजत नसत. पण मुलं ऐकेनात, तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी तोड काढली, की मंडळीतल्या एका जबाबदार माणसाने आधी जाऊन चित्रपट पाहावा आणि मग आईवडिलांना सांगावं. ते काम पप्पांकडे आलं. गणिताच्या माणसाने करावं तसंच त्यांनी ते केलं. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. जादू आहे का, असल्यास कोणाच्या हाती? मूर्तिपूजा आहे का? मुले मोठ्यांशी खोटे बोलतात का, आणि बोलल्यास त्याचे फळ भोगतात का? शेवटी निकाल, दोनपैकी एक: 'मुलांना दाखवावा' किंवा 'मुलांना दाखवू नये'. ते उगाच कडक नव्हते. एका चित्रपटात घोडा माणसासारखा बोलतो म्हणून कुणीतरी हरकत घेतली, तर पप्पा म्हणाले होते, "बलामाची गाढवी बोलली ती शास्त्रात चालते, मग घोड्याने काय घोडं मारलंय?" पाळकसाहेबसुद्धा हसले होते.

पप्पा गुरुवारी दुपारचा खेळ पाहायला कॅम्पात जायचे. आई असताना दोघं मिळून जायची. आई पदराआड छोटी बॅटरी धरायची आणि पप्पा वहीत लिहायचे. परत आल्यावर दोघांचं भांडण चालायचं, की तो राजा खरंच दुष्ट होता का बिचारा होता. चहा गार व्हायचा. मी तिथेच बसून ऐकायचे, आणि मला न पाहिलेल्या कितीतरी चित्रपटांची गोष्ट तशीच, भांडणातून, माहीत झाली. आता मला वाटतं, मंडळीची सेवा वगैरे सगळं खरं असलं तरी त्या दोघांना सिनेमा आवडत होता आणि देवाच्या कृपेने त्यांना त्यासाठी कारण मिळालं होतं. आई गेल्यावर पप्पा एकटे जायला लागले. बॅटरी धरायला कुणी नाही, त्यामुळे वहीतल्या ओळी एकमेकींवर चढायच्या. परत आल्यावर भांडायलाही कुणी नव्हतं. ते शांतपणे पक्का मजकूर लिहायचे आणि मी तो स्टेन्सिलवर उतरवायचे.

स्टेन्सिल म्हणजे मेण लावलेला निळा कागद. खाली खरखरीत पाटी ठेवायची आणि लोखंडी टोकाच्या लेखणीने त्यावर लिहायचं, म्हणजे अक्षराच्या जागी मेण खरवडलं जातं आणि छापताना तिथून शाई उतरते. हे काम आईचं होतं. माझं अक्षर आईसारखं होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं, पण त्यापायी माझी मंडळीतली पोरं दुरावली. 'दाखवू नये' हे पप्पांचं म्हणणं असलं तरी अक्षर माझं होतं ना. मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, शब्बाथशाळेत, मी बाकावर बसले की बाक रिकामा व्हायचा. आमच्या बाई एस्तेरबाई, त्यांची मुलगी रूथ माझ्याच वयाची. ती एकदा तोंडावर म्हणाली, "तू लिहितेस म्हणून आम्हाला जाता येत नाही." मी म्हटलं, "पप्पा सांगतात, मी फक्त लिहिते." ती म्हणाली, "मग नको ना लिहूस." पेठेत मी ख्रिस्ती म्हणून एकटी होते आणि ख्रिश्चनांत मास्तरांची मुलगी म्हणून. त्या वर्षी मी रविवारी पोटात दुखतंय असं कितीदा सांगितलं असेल!

तर तो चित्रपट. नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि लिहिलं तरी कुणाला आठवणार नाही. इंग्रजी होता, सहकुटुंब पाहावा असा. माझ्या शाळेतल्या दोघीजणी कॉन्व्हेंटवाल्या भावंडांबरोबर जाऊन आल्या होत्या आणि मधल्या सुट्टीत त्याचीच गोष्ट चालायची. पिठाच्या गिरणीत आजोबांजवळ राहणारी एक मुलगी, आणि पहिला बर्फ पडला की शेतांवरून तरंगत येणारी एक नाव. मुलगी खिडकीत दिवा ठेवते, मग नाव थांबते. एवढं ऐकलं की घंटा व्हायची.

त्या गुरुवारी पप्पा नेहमीपेक्षा उशिरा आले. टायपिंगचा क्लास सुटला होता, घरात दिवा लागला होता. मी भूगोलाचा नकाशा काढत होते. त्यांनी कोट खुंटीला लावला, हात धुतले आणि म्हणाले, "करुणा, कंगवा आण. केस विंचरतो तुझे."

"आत्ता? पप्पा, शाळा सुटली. काकूंनी सकाळीच घातल्यात वेण्या."

"सोड त्या. बस दोन मिनिटं."

त्यांनी माझ्या केसांना त्याआधी कधी हात लावला नव्हता. मी चटईवर बसले, ते मागे स्टुलावर. त्यांच्या बोटांना खडूचा वास यायचा. तीन पेड करायचे हे त्यांना माहीत होतं, पण कुठला पेड कुठल्यावरून न्यायचा यात ते सारखे चुकत होते. सोडायचे, पुन्हा घालायचे. मला कंटाळा आला होता आणि माझा नकाशा अर्धा राहिला होता. शेवटी एका कानापाशी त्यांची वेणी सुरू झाली, आणि ती त्यांनी डोक्यावरून घेऊन दुसऱ्या कानापर्यंत नेली आणि आईच्या डबीतल्या आकड्यांनी अडकवली. मी आरशात पाहिलं. पाणी आणणाऱ्या बाया डोक्यावर हंड्याखाली कापडाची चुंबळ ठेवतात, अगदी तशी.

"हे काय हो पप्पा? असं कुणी घालतं का?"

"असंच असतं," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला, तेव्हा मी नकाशा पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेलेकाकू आल्या तर पप्पांनी त्यांना दारातूनच नमस्कार केला. "काकू, आता आपण त्रास घेऊ नका. वेणी मी घालीन." काकूंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. घागर कधी ठेवताय वर?" शाळेत तर माझं नावच चुंबळ पडलं; सिनेमा पाहून आलेल्या त्या दोघी तेवढ्या तसं म्हणायच्या नाहीत.

त्याच दिवशी पप्पांनी पक्का मजकूर माझ्या हाती दिला आणि शनिवारी दुपारी, ते मंडईत गेलेले असताना, मी स्टेन्सिल घेऊन बसले. वाचता वाचता माझा हात थांबला. 'जादू: आहे. नावाड्याच्या हाती. मूर्तिपूजा: नाही. मुले खोटे बोलतात का: एकदा, त्याचा पश्चात्ताप होतो.' आणि त्याखाली, 'चित्रपटात मुलीची मेलेली आई नावेतून उतरून तिला भेटावयास येते. मृतांना हाक मारण्यास देवाच्या वचनात मनाई आहे. शिवाय जे होणार नाही त्याची आशा लहान मुलास लावणे बरे नव्हे. निकाल: मुलांना दाखवू नये.'

मी ती ओळ किती वेळा वाचली असेन कोण जाणे. मेलेली आई भेटायला येते. शाळेतल्या मुलींनी हे मला सांगितलं नव्हतं. मुद्दामच सांगितलं नसणार, त्यांना माझी गोष्ट माहीत होती. मी पप्पांची कच्ची वही काढली. त्यात चढलेल्या ओळींमध्ये 'आई येते' एवढं वाचता आलं, आणि त्यापुढे पान कोरं होतं. एरवी ते शेवटची पाटी येईपर्यंत लिहायचे. मला पप्पांचा असा राग आला! स्वतः पाहून आले होते आणि मला म्हणत होते, पाहू नये. मला कुठे खरी आई परत हवी होती? मी अकरा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं. मला फक्त कुणाची तरी आई परत आलेली पाहायची होती.

मग मी ते केलं. मेलेल्या आईची ओळ गाळली. आशेची ओळ गाळली. अक्षर जरा मोठं काढून जागा भरली आणि शेवटी लिहिलं, 'मुलांना दाखवावा'. चूक दुरुस्त करायचं लाल औषध बाटलीत होतं, तेवढं लावून वाळू दिलं असतं तर पुन्हा नीट लिहिता आलं असतं. मी बाटलीकडे पाहिलं आणि बूच घट्ट लावून ठेवून दिली. माझा हिशेब साधा होता. एकदा छापून आलं की सगळी मुलं जाणार, आणि छापलेल्या शब्दाबाहेर पप्पांना जाता येणार नाही. मलाही पाठवावं लागेल. संध्याकाळी पप्पांनी स्टेन्सिलची गुंडाळी न उघडता चर्चच्या कचेरीत नेऊन दिली. त्यांनी ती कधीच तपासून पाहिली नव्हती. आईचीही नाही आणि माझीही नाही.

रविवारी उपासना सुटल्यावर पत्रकं वाटली गेली. लोक दारात आमच्या रीतीप्रमाणे पप्पांचा हात हातात घेऊन सलाम करत होते. एस्तेरबाई म्हणाल्या, "मास्तर, या खेपेला पोरांवर कृपा केलीत हं. शनिवारी मीच नेते सगळ्यांना." पप्पांच्या हातात पत्रक नव्हतं. त्यांनी बाईंचंच मागून घेतलं, उलटून शेवटचं पान वाचलं. मी चार पावलांवर उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले आणि पत्रक घडी घालून परत दिलं. त्या वेळी रूथ माझ्याजवळ आली आणि तिने माझा हात धरला. "माझ्या शेजारी बस हं शनिवारी," ती म्हणाली. मी इतकी खूश झाले की घरी जाईपर्यंत पप्पा एक शब्दही बोललेले नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

ते मंगळवारी बोलले नाहीत, बुधवारी नाहीत. सकाळी केस मात्र विंचरत होते. वेणी आता न सुटता कानापर्यंत जायला लागली होती. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला पिठलं होतं. माझ्या ताटात भात वाढताना म्हणाले, "उद्या तू जायचं नाहीस." का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. शनिवारी चौदा मुलं एस्तेरबाईंबरोबर बसने कॅम्पात गेली आणि मी गॅलरीत उभी राहून खालच्या क्लासच्या घंट्या मोजल्या. इतकं एकटं मला आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

मध्ये एक रविवार गेला आणि त्याच्या पुढच्या रविवारी जे व्हायचं ते झालं. एस्तेरबाईंच्या धाकट्याने चित्रपट पाहून आल्यावर त्यांच्या खिडकीत मेणबत्ती लावली आणि वारलेल्या आजीला हाका मारत बसला. चार दिवस तो रोज लावत होता, आणि आजी येत नाही म्हणून रडत होता. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मोठ्या माणसांना थांबवून घेतलं. मुलांना बाहेर जायला सांगितलं, पण मी दाराआड उभी राहिले. एस्तेरबाई पुढे आल्या. "मास्तर, तुमच्या शब्दावर गेलो आम्ही. आपण स्वतः पाहिला होता ना हा चित्रपट?"

"पाहिला होता."

"मग ती मेलेली बाई आपल्याला दिसली नाही?"

पप्पांनी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "दिसली."

"आणि तरी 'दाखवावा' असं लिहिलंत?"

मला वाटलं, आता. आता माझं नाव येणार. मी दाराची कडी घट्ट धरली होती. पप्पा म्हणाले, "पत्रकावर नाव माझं आहे. चूक घडली आहे. लेकराला रडावं लागलं, त्याबद्दल मी क्षमा मागतो. यापुढे हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं."

त्यांनी खोटं सांगितलं नाही. मी ते वाक्य पुढे कितीदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे, त्यात एकही शब्द खोटा नाही. पण पत्रकं वाटली त्या रविवारी दारातच ते म्हणू शकले असते, की हा माझा निकाल नव्हे. सहा दिवस त्यांच्या हातात होते. ते बोलले असते तर तो मुलगा खिडकीत बसला नसता, आणि सगळ्या मंडळीला कळलं असतं की मास्तरांची मुलगी पत्रकात खोटं लिहिते. या दोन्हींत त्यांनी निवड केली. जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यांच्या मुलांची काळजी वाहिली, त्याने एकदाच स्वतःच्या मुलीला आधी ठेवलं, आणि त्याची लाज त्यांना शेवटपर्यंत वाटत असावी.

बाहेर अंगणात रूथ उभी होती. तिने माझ्या डोक्यावरच्या वेणीकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "अगं, हे तर..." एवढं ती म्हणाली, तोवर एस्तेरबाईंनी तिला दंडाला धरून नेलं. मला वाटलं, हीसुद्धा चुंबळ म्हणणार होती. त्यानंतर ती माझ्या शेजारी कधी बसली नाही. सदर काही महिने कुणी लिहिलं नाही, मग बंद पडलं. पप्पांचं सिनेमाला जाणंही बंद झालं. गुरुवारी दुपारी ते घरी असायचे, वह्या तपासायचे. मध्येच घड्याळाकडे बघायचे. खेळ सुरू होण्याची वेळ त्यांच्या अंगात भिनलेली होती. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. माफी मागायची तर आईचं नाव काढावं लागलं असतं, आणि तेवढं धैर्य मला झालं नाही.

केस मात्र ते विंचरत राहिले. दोन वर्षं, रोज सकाळी, तीच वेणी, या कानापासून त्या कानापर्यंत. मी दोन साध्या वेण्या मागितल्या की म्हणायचे, "ही छान दिसते तुला." आठवीत एकदा वर्गातल्या मुलींनी फळ्यावर चुंबळ आणि त्यावर घागर काढून ठेवली. मी तशीच परत येताना कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गेले आणि केस मानेपर्यंत कापून घेतले. पप्पा दारातच होते. त्यांनी पाहिलं. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने स्टूल ओढून बसले, कंगवा हातात घेतला, आणि मग उठून आकड्यांची डबी कपाटात ठेवून आले.

पप्पांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. परवा बाल्कनीतून कपडे घेऊन आत आले तेव्हा तारा टॅबलेट घेऊन बसली होती. मी सहज, खरं म्हणजे सहज नाही, तिला तो जुना चित्रपट शोधायला सांगितलं. मला वाटलं होतं मिळणार नाही. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. "आजी, हा? ई, किती जुनाट आहे." मी म्हटलं, "लाव."

तो मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. नाव दोऱ्यांनी ओढलेली आहे हे कळतं. बर्फ कापसाचा आहे. तारा मध्येच उठून बिस्किटं घेऊन आली. मग मुलीने खिडकीत दिवा ठेवला, नाव थांबली आणि ती बाई उतरली. इतकी वर्षं मी समजत होते की ती काहीतरी बोलत असेल, मुलीला काही मोठं सांगत असेल. ती एक अक्षरही बोलत नाही. ती येते, मुलीच्या मागे स्टुलावर बसते आणि तिचे केस सोडते. तीन पेड करते. एका कानापासून वेणी सुरू करते, डोक्यावरून घेते आणि दुसऱ्या कानापाशी आकड्याने अडकवते. मग मुलगी मागे वळून पाहते तर स्टूल रिकामं असतं.

मिनिटभराचंसुद्धा नव्हतं ते. तारा म्हणाली, "आजी, तू का रडतेस? हॅपीच आहे की हे." मी तिला म्हटलं, "कंगवा आण. केस विंचरते तुझे." ती म्हणाली, "आत्ता? कशाला?" आणि मी म्हटलं, बस दोन मिनिटं.